ज्याच्या शेऱ्यांनी फोटोग्राफर घडवले, त्यालाच कॅमेरा क्लबने बाहेरचा रस्ता दाखवला

फोटोग्राफीच्या कुठल्याही ग्रुपवर जा. कुणीतरी पहाटे उठून, गड चढून, धुक्यातला सूर्योदय टिपलेला असतो. फोटो पडला की खाली ठरलेल्या कमेंट्स. अप्रतिम, जबरदस्त, नाइस क्लिक, दोन बदाम आणि एक आग. क्षितिज एका बाजूला कललंय, अर्धं आभाळ पांढरंफटक पडलंय, हे कुणी सांगत नाही. सांगणारा एखादा निघालाच, तर तो अशा भाषेत सांगतो की समोरचा पुढचे सहा महिने कॅमेऱ्याला हात लावत नाही.

गोड बोललं तर उपयोग होत नाही आणि खरं बोललं तर माणूस दुखावतो. हा पेच इन्स्टाग्रामने आणलेला नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या हौशी फोटोग्राफर्सनी याच पेचावरून एकमेकांची डोकी खाल्ली होती. त्या सगळ्या राड्याच्या मध्यभागी एकच माणूस होता, अल्फ्रेड स्टीग्लिट्झ. फोटोग्राफीला कला म्हणून मान मिळवून देणाऱ्यांत त्याचं नाव पहिल्या रांगेत घेतलं जातं. त्याने काढलेले फोटो जगभर गाजले. पण आज बोलूया दुसऱ्यांच्या फोटोंवर त्याने दिलेल्या शेऱ्यांबद्दल.

गडी जन्मला १ जानेवारी १८६४ रोजी, अमेरिकेतल्या न्यूजर्सी राज्यातल्या होबोकेन गावात. आईवडील जर्मनीहून आलेले ज्यू. वडील एडवर्ड यांचा लोकरीचा धंदा जोरात होता. १८८१ मध्ये त्यांनी कंपनीतला आपला वाटा विकला आणि मुलांच्या शिक्षणासाठी अख्खं कुटुंब युरोपला नेलं. अल्फ्रेड बर्लिनला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला बसला. तिथे त्याला भेटले हरमान फोगेल नावाचे प्राध्यापक. हे फोटोग्राफीच्या रसायनशास्त्रातलं मोठं नाव. इंजिनिअरिंग बाजूला पडलं आणि पोरगं डार्करूममध्ये शिरलं ते शिरलंच.

आता येतो १८८७ सालचा किस्सा. लंडनहून हौशी फोटोग्राफर्ससाठी एक साप्ताहिक निघायचं, अमॅच्युअर फोटोग्राफर. त्यांनी सुट्टीतल्या फोटोंची स्पर्धा ठेवली. परीक्षक होते पीटर हेन्री एमर्सन. पेशाने डॉक्टर, पण फोटोग्राफीवर इतकी ठाम मतं की समोरच्याला घाम फुटावा. त्या काळी कलात्मक फोटो म्हणजे काय, तर माणसांना वेशभूषा करून उभं करायचं, नाटकातला प्रसंग असावा तशी मांडणी करायची आणि मग खटका दाबायचा. एमर्सनला हे अजिबात मान्य नव्हतं.

तेवीस वर्षांच्या स्टीग्लिट्झने पाठवला इटलीतल्या बेलाजिओ गावातला फोटो. पाण्यापाशी जमलेली, कशावर तरी खळखळून हसणारी मुलं. एमर्सनने त्याला पहिलं बक्षीस दिलं, रुपेरी पदक आणि दोन गिनी. आणि कारणही सांगितलं. स्पर्धेत आलेल्या सगळ्या ढिगात उत्स्फूर्त म्हणावं असं हे एकच काम आहे, असा त्याचा अभिप्राय होता.

अभिप्राय एका वाक्याचा, पण त्यात काय काय होतं बघा. फोटो छान आहे एवढ्यावर एमर्सन थांबला नाही. छान का आहे ते त्याने सांगितलं, आणि तेही अशा गुणावर बोट ठेवून, जो पोराच्या हातात आधीपासून होता पण बहुधा त्याला स्वतःला ठाऊक नव्हता. स्टीग्लिट्झने पुढे आयुष्यभर दीडशेच्या आसपास पदकं मिळवली. पण हे पहिलं बक्षीस तो कधी विसरला नाही.

१८९० मध्ये बहिणीच्या मृत्यूमुळे तो न्यूयॉर्कला परतला. आणि परतला तो नेमका गर्दीच्या काळात.

झालं असं होतं की १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर. आत १०० फोटोंचं रीळ भरलेलं. फोटो काढून संपले की अख्खा कॅमेराच रोचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो धुऊन, नवीन रीळ भरून कॅमेरा परत. तोवर फोटो काढायचा म्हणजे काचेच्या प्लेट्स, तिपाई, रसायनं, काळे झालेले हात. आता बटण दाबता येणारा प्रत्येक जण फोटोग्राफर झाला. मोबाइलला कॅमेरा आल्यावर आपल्याकडे जे झालं, अगदी तेच.

स्टीग्लिट्झ १८९३ मध्ये अमेरिकन अमॅच्युअर फोटोग्राफर या मासिकाच्या संपादकांपैकी एक झाला. पगार घ्यायला त्याने नकार दिला. पैसे घेतले तर मत मोकळं राहणार नाही, हा त्याचा हिशेब. वडिलांचा पैसा पाठीशी असल्यावर असा बाणेदारपणा परवडतो, हेही खरंच. पण पैसा असूनही मिंधे राहणारे कमी नसतात, त्यामुळे त्याला श्रेय द्यायला हवं.

देशभरातून हौशी लोक फोटो पाठवायचे आणि स्टीग्लिट्झ ते शेऱ्यासह परत पाठवायचा. त्याचे शेरे तोकडे आणि झणझणीत असायचे. तांत्रिकदृष्ट्या फोटो निर्दोष आहे, पण चित्र म्हणून कुजका आहे, अशा थाटाचे. विचार करा, कुणीतरी दोन महिने घासून परिपूर्ण प्रिंट काढलीय आणि पोस्टाने हे आलंय.

त्या शेऱ्यात तुसडेपणा होता, पण एक भेदही होता, जो तोवर बहुतेकांच्या डोक्यात शिरला नव्हता. तंत्र वेगळं आणि चित्र वेगळं. फोकस बरोबर, एक्स्पोजर बरोबर, सगळं बरोबर, तरी फोटो मुका असू शकतो. पुढे १८९९ मध्ये एका लेखात त्याने फोटोग्राफर्सचे तीनच गट पाडले. अडाणी, निव्वळ तंत्रज्ञ आणि कलावंत. त्याच लेखात त्याने हेही मांडलं की फोटोग्राफीतलं जवळपास सगळं थोर काम पोटासाठी करणाऱ्यांनी केलेलं नाही, ते प्रेमापोटी करणाऱ्यांनी केलंय. हौशी हा शब्द आपण जरा खालच्या पट्टीत वापरतो. स्टीग्लिट्झ स्वतःला मरेपर्यंत अभिमानाने हौशी म्हणवून घ्यायचा.

असा माणूस स्वतःच्या कामावर आलेली टीका कशी घेत असेल?

२२ फेब्रुवारी १८९३. न्यूयॉर्कमध्ये बर्फाचं वादळ. पठ्ठ्या उसना आणलेला हातातला कॅमेरा घेऊन फिफ्थ ॲव्हेन्यूवर तब्बल तीन तास उभा राहिला. बर्फातून वाट काढत येणारी घोडागाडी त्याला हवी तशी मिळाली. हौशी फोटोग्राफर्सच्या सोसायटीतल्या मित्रांनी निगेटिव्ह पाहिली आणि हसले. धूसर आहे, धार नाही, फेकून दे, हा एकमुखी सल्ला. त्याने फेकली नाही. निगेटिव्हचा बराचसा भाग वगळून उरलेल्या भागाची प्रिंट काढली. हीच ती विंटर, फिफ्थ ॲव्हेन्यू, त्याच्या सर्वांत गाजलेल्या फोटोंपैकी एक.

यात खरी गंमत अशी की मित्र चुकीचं बोलत नव्हते. निगेटिव्ह धूसर होतीच. वादळात उभं राहून काढलेला फोटो धूसर असणार नाही तर काय? त्यांनी दोष बरोबर पाहिला, पण फोटो काढणाऱ्याला काय दाखवायचं होतं हे विचारलंच नाही. हातातल्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोचा मोजका भागच वापरावा, हे स्टीग्लिट्झने नंतर एका लेखात लिहूनही ठेवलं. आज आपण ज्याला क्रॉप म्हणतो, तेच हे.

१८९६ मध्ये शहरातल्या दोन संस्था एकत्र येऊन कॅमेरा क्लब ऑफ न्यूयॉर्क झाला. स्टीग्लिट्झने उपाध्यक्षपद घेतलं आणि जुलै १८९७ पासून क्लबचं त्रैमासिक हातात घेतलं, कॅमेरा नोट्स. तोवर क्लबच्या पत्रिकेत काय यायचं? सभेचा वृत्तांत, सदस्यांची यादी, कोण सहलीला गेलं होतं वगैरे. याने त्यात उत्तम छपाईची चित्रं घातली आणि प्रदर्शनांची खरीखुरी समीक्षा सुरू केली. सदाकिची हार्टमन, चार्ल्स कॅफिन यांच्यासारखे कलासमीक्षक फोटोंवर लिहू लागले. ज्यांना आजवर नुसत्या टाळ्या मिळत होत्या, त्यांच्या भिंतीवरच्या कामाचा आता छापील पंचनामा होऊ लागला.

यातून माणसंही सापडली. ओहायोतल्या नेवार्क गावात क्लॅरेन्स व्हाइट नावाचा एक जण किराणा मालाच्या घाऊक पेढीवर हिशेबनीस होता. आठवड्याला फक्त दोन प्लेट्स परवडायच्या. म्हणजे आठवड्याला दोन फोटो! आपण चहा येईपर्यंत वीस काढतो. तर हा आठवडाभर मनात फोटो रचायचा आणि कामाआधी पहाटे नाहीतर नंतर उरलेल्या उजेडात बायकोला, मेहुणीला उभं करून काढायचा. १८९८ च्या फिलाडेल्फिया सलॉनमध्ये त्याचं काम मांडलं गेलं. परीक्षकांत स्टीग्लिट्झ होता. त्यानंतर व्हाइट या मंडळींच्या गोटात आला.

दोन वर्षांनी शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द व्हाइट परीक्षक होता. मिलवॉकीच्या एका तरुणाचं काम त्याला आवडलं. त्याने त्याला धीर दिला आणि स्टीग्लिट्झला भेटायला सुचवलं. लिथोग्राफीच्या छापखान्यात शिकाऊ म्हणून राबलेला हा २१ वर्षांचा पोरगा १९०० मध्ये पॅरिसला जाताना न्यूयॉर्कला थांबला. स्टीग्लिट्झने त्याचे तीन फोटो प्रत्येकी ५ डॉलरला विकत घेतले. पोरगा म्हणजे एडवर्ड स्टायकेन, विसाव्या शतकातला अतिशय गाजलेला फोटोग्राफर. खिशातून १५ डॉलर काढून देणं हाही अभिप्रायच की. बऱ्याच कौतुकापेक्षा तो जास्त काळ टिकतो.

इकडे क्लबात मात्र धुसफूस वाढली. सदस्यांचं म्हणणं साधं होतं. वर्गणी आम्ही भरायची, आणि पत्रिकेत फोटो मात्र फिलाडेल्फियाच्या, ओहायोच्या, लंडनच्या लोकांचे? वर आमच्या फोटोंवर फटके? स्टीग्लिट्झचं म्हणणंही साधं होतं. चांगलं असेल ते छापणार.

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, असं आम्हाला वाटतं. क्लब हा काही कलादालन नव्हे. रविवारी विरंगुळा म्हणून येणाऱ्या माणसाला महान व्हायचंच असतं असं नाही. त्याला आपला फोटो थोडा बरा करायचा असतो, चार जणांत बसायचं असतं. त्याला स्टायकेनच्या तराजूत तोललं तर तो पुढच्या रविवारी येणार नाही. स्टीग्लिट्झकडे तराजू एकच होता. १९०२ मध्ये त्याने कॅमेरा नोट्स सोडलं.

त्याच वर्षी त्याने फोटो-सिसेशन नावाचा गट काढला, जानेवारी १९०३ च्या अंकापासून कॅमेरा वर्क हे स्वतःचं नियतकालिक सुरू केलं, १९०५ मध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवर २९१ क्रमांकाच्या इमारतीत छोटं कलादालन उघडलं. दालनाचं नावच पुढे २९१ पडलं. क्लबाशी संबंध बिघडत गेले आणि १९०८ मध्ये क्लबाने त्याचं नाव कमी केलं. त्याने कायद्याचा बडगा दाखवला, त्यांनी परत घेतलं, आणि परत घेतल्यावर याने स्वतःच राजीनामा दिला. स्वभाव कळला का?

आता मुख्य किस्सा, ज्यासाठी हे सगळं सांगितलं.

१९०७ च्या सुमारास एका शाळेतले शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना २९१ मध्ये घेऊन आले. शिक्षक होते लुईस हाइन, बालमजुरांच्या फोटोंमुळे पुढे अजरामर झालेले. विद्यार्थ्यांत होता पॉल स्ट्रँड. भिंतीवरचे फोटो बघून पोराने ठरवलं, आपण हेच करायचं. पुढची काही वर्षं तो जमेल तसे फोटो काढत राहिला आणि जाणत्यांना दाखवत राहिला. क्लॅरेन्स व्हाइटला दाखवले. गर्ट्रूड केसबिअर या नामवंत फोटोग्राफर बाईंना दाखवले. दोघांनी त्याला मायेने वागवलं, पण हाती फारसं काही लागलं नाही, असं स्ट्रँडने म्हातारपणी सांगितलं.

मग तो स्टीग्लिट्झकडे गेला.

त्या काळात सॉफ्ट फोकस लेन्सची चलती होती. तिच्यातून सगळं कसं धुक्यात बुडाल्यासारखं, स्वप्नाळू दिसायचं. आजच्या फिल्टरसारखंच समजा. लावला की कुठलाही फोटो लगेच कलात्मक वाटतो. स्ट्रँडही तीच वापरायचा. स्टीग्लिट्झने त्याचे फोटो पाहून सांगितलं की या लेन्सने सगळं एकसारखं करून टाकलंय. गवत पाण्यासारखं दिसतंय आणि पाण्याला झाडाच्या सालीचा पोत आलाय. दगड, पाणी, झाड यांना एकमेकांपासून वेगळं करणारं जे काही असतं, ते हरवून बसलायस. हा सोपेपणा आत्ता डोळ्यांना बरा वाटेल, पण पुढे तुला जे सांगायचंय त्याच्या आड येईल.

यात तू वाईट फोटोग्राफर आहेस, असं कुठेच नाही. फोटोत बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा आहे, गवत आणि पाणी. दोष कशामुळे आला ते आहे, लेन्स. आणि त्याची किंमत पुढे काय मोजावी लागेल तेही आहे. स्ट्रँड उठून घरी जाऊ शकत होता आणि दुसऱ्या दिवसापासून काहीतरी वेगळं करू शकत होता. त्याने तेच केलं.

आणि आणखी एक बघण्यासारखं. स्वप्नाळू, धूसर फोटोंची चळवळ ज्यांनी उभी केली, त्यांत स्टीग्लिट्झ स्वतः होता. कॅमेरा वर्कची पानं तसल्या फोटोंनी भरलेली होती. म्हणजे पोराला शेरा देताना तो आपल्याच मांडवाचा खांब हलवत होता.

१९१५ मध्ये स्ट्रँड नवीन फोटो घेऊन आला. न्यूयॉर्कचे रस्ते, माणसं, वॉल स्ट्रीटवरच्या बँकेच्या अवाढव्य काळ्या खिडक्या आणि त्यांच्याखालून लांब सावल्या टाकत कामाला निघालेली मुंगीएवढी माणसं. धुकं गायब. स्टीग्लिट्झने आतल्या खोलीतून स्टायकेनला हाक मारून बोलावलं आणि ते काम दाखवलं. हे दालन आता तुझंही, असं स्ट्रँडला सांगितलं. १९१६ मध्ये त्याचं प्रदर्शन लावलं. १९१७ चा कॅमेरा वर्कचा शेवटचा जोडअंक, ४९-५०, सबंध स्ट्रँडच्या फोटोंना दिला. हजाराच्या घरात असलेले वर्गणीदार तोवर चाळिशीच्याही खाली आले होते.

मग स्टीग्लिट्झ आदर्श होता का? छे. ज्या केसबिअरबाईंचे फोटो त्याने कॅमेरा वर्कच्या पहिल्या अंकात मानाने छापले, त्या पैशासाठी पोर्ट्रेट काढतात हे त्याला खुपू लागलं. बाईंना संसार चालवायचा होता. १९०७ मध्ये त्याच कॅमेरा वर्कमध्ये त्यांची टिंगल करणारा लेख आला. १९१२ मध्ये बाईंनी गट सोडला. क्लॅरेन्स व्हाइटशीही त्याच सुमारास बिनसलं. वर्षानुवर्षांची मैत्री तुटली. पुढे स्ट्रँडही दुरावला. फोटोतली खोट सांगणं आणि माणसाचं मोजमाप काढणं यातली रेघ स्टीग्लिट्झला पुष्कळदा दिसायचीच नाही.

व्हाइटचं काय झालं? त्याने १९१४ मध्ये न्यूयॉर्कला फोटोग्राफीची शाळा काढली. आपली शैली कुणावर न लादणारा, मवाळ मास्तर म्हणून तो ओळखला गेला. स्ट्रँडला त्याच्याकडून काही मिळालं नाही हे खरं. पण डोरोथिया लँग आणि मार्गारेट बर्क-व्हाइट त्याच्याचकडे शिकल्या. एकीने अमेरिकेच्या महामंदीचा चेहरा जगाला दाखवला, दुसरीने चरख्यापाशी बसलेले गांधीजी टिपले. त्यामुळे कडक मास्तरच माणूस घडवतो, असा निष्कर्ष काढायची घाई नको.

१९३३ चा वसंत. स्टीग्लिट्झ ६९ वर्षांचा, हृदयविकाराने थकलेला. मॅडिसन ॲव्हेन्यूवर सतराव्या मजल्यावर त्याचं ॲन अमेरिकन प्लेस नावाचं दालन होतं. कॅलिफोर्नियाहून एक ३१ वर्षांचा फोटोग्राफर बाडबिस्तरा घेऊन सकाळीच दारात उभा राहिला. म्हाताऱ्याने त्याला तुटकपणे वाटेला लावलं, दुपारी ये म्हणून. पाहुणा चिडला, निघून जायच्या बेतात होता. पण आला.

खोलीत खुर्ची एकच, त्यावर स्टीग्लिट्झ. पाहुणा खोली गरम करणाऱ्या लोखंडी रेडिएटरवर टेकला. स्टीग्लिट्झने पोर्टफोलिओची नाडी सोडली आणि एकेक प्रिंट बघायला सुरुवात केली. तोंडातून अक्षर नाही. सगळ्या बघून झाल्या. नाडी बांधली. पाहुणा बोलायला गेला, तर याने नाडी पुन्हा सोडली आणि पहिल्या प्रिंटपासून पुन्हा सगळं बघितलं, तितक्याच सावकाश. खाली रेडिएटर तापत चालला होता.

दुसऱ्यांदा नाडी बांधून झाल्यावर मगच तो बोलला. आपण पाहिलेल्या सर्वांत उत्तम फोटोंपैकी हे आहेत, अशा अर्थाचं. पाहुण्याचं नाव अँसल ॲडम्स. १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचं प्रदर्शन त्याच दालनात लागलं. स्टीग्लिट्झ १३ जुलै १९४६ रोजी गेला. ॲडम्स मात्र पुढे कित्येक वर्षं योसेमिटीच्या डोंगरात वर्कशॉप घेत राहिला, आणि तिथे येणारे हौशी फोटोग्राफर आपापल्या प्रिंट्स त्याच्यासमोर मांडत राहिले.